रक्त, जनुकं आणि एक्सेल: खानदेशात बसून गुंतागुंतीचे आजार कसे अभ्यासायचे

जून-जुलैत निकाल लागले की एखादा तरी विद्यार्थी भेटायला येतो. कुणी बी.एस्सी. झालेलं, कुणी बी.फार्म., कधी इंटर्नशिप संपत आलेली एखादी डॉक्टर. प्रश्न ठरलेला: "सर, आजारांवर कॉम्प्युटरने काम करायचंय. त्यासाठी पुण्याला जावंच लागेल का?"

पुढे कधीतरी लागेल. पण पहिलं वर्ष-दीड वर्ष जळगावच्या भाड्याच्या खोलीत नाहीतर शहाद्याच्या घरी बसून उत्तम जातं. लागणारा बहुतेक डेटा जगभरच्या संस्थांनी फुकट ठेवलेला आहे आणि सॉफ्टवेअरही फुकट आहे. त्या काळात कोणत्या क्रमाने काय करायचं आणि कुठे पाय घसरतो, ते सांगतो.

गुंतागुंतीचा आजार म्हणजे काय, हे मी उलट्या टोकाकडून सांगतो, सिकलसेलपासून. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यात 'एएस पॅटर्न' (सिकलसेलचा वाहक) आणि 'एसएस पॅटर्न' (प्रत्यक्ष आजार असलेला) हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. आजाराचं मूळ फक्त एका अक्षरात. अकराव्या गुणसूत्रावर बीटा-ग्लोबिनच्या जनुकात 'ए'च्या जागी 'टी' येतो, प्रथिनात ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन बसतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. याहून सरळ आजार जनुकशास्त्रात सापडणं कठीण.

तरीही एकाच घरात दोन एसएस भावंडं असतात. एकाच्या दवाखान्याच्या वाऱ्या संपत नाहीत आणि दुसरा कबड्डी खेळतो. असं का? गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, काहींच्या रक्तात मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं आणि ते पेशी वाकू देत नाही. ते किती टिकेल हे दुसऱ्या गुणसूत्रावरचं बीसीएल११ए हे जनुक, सहाव्या गुणसूत्रावरचा मायब या जनुकाजवळचा भाग आणि ग्लोबिनच्या शेजारचाच एक बदल मिळून ठरवतात. सोबत अल्फा थॅलसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोष आहे की नाही, हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू आहे का, मलेरिया झाला होता का, रुग्णालय किती किलोमीटरवर, हे सगळं येतं. म्हणजे एका अक्षराचा आजारसुद्धा समजून घ्यायचा तर जनुक, रक्ततपासणी, औषधं आणि रस्ता एका कोष्टकात आणावे लागतात. ते आणण्याच्या कामाला एकात्मिक जैववैद्यकीय संगणन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम जोडणीचं आहे. आणि हे काम कागदावरच राहत नाही. बीसीएल११एचा एचबीएफशी संबंध २००७-०८च्या सुमारास अशाच जनुकीय पाहण्यांतून पुढे आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली सिकलसेलवरची क्रिस्पर (डीएनएत नेमकी काटछाट करणारी) उपचारपद्धती त्याच जनुकाची कळ, म्हणजे त्याला चालू ठेवणारा भाग, निकामी करण्यावर बेतलेली आहे.

आता मधुमेह घ्या. २०२४ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात पंचवीस लाखांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती एकत्र केली होती. त्यात टाइप टू मधुमेहाशी जोडलेले १,२८९ वेगवेगळे संकेत जीनोमवर, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएवर, ६११ ठिकाणी सापडले. सिकलसेलला एक अक्षर, इथे तेराशेच्या घरात, वर खाणंपिणं, झोप, वजन, आईचं बाळंतपणातलं पोषण. हा खरा गुंत्याचा आजार. पुढची सगळी उदाहरणं म्हणूनच मुख्यतः मधुमेहाची घेतो.

पायरी पहिली: एका ओळीचा प्रश्न

"मला डायबेटिसवर काम करायचंय" हा प्रश्न होत नाही. वहीत एक ओळ लिहा, जिच्या शेवटी प्रश्नचिन्ह येईल आणि जिचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असू शकेल. उदाहरणार्थ: ज्या जनुकाजवळचा बदल मधुमेहाशी जोडला गेलाय, ते जनुक मधुमेहींच्या स्वादुपिंडात वेगळं वागतं का? या ओळीत डेटाचे दोन थर आहेत, डीएनएमधला बदल आणि पेशीतलं जनुकाचं वागणं. नवख्याला दोन पुरेत. पहिल्याच फटक्यात पाच थर जोडायला निघालेले दिवाळीपर्यंत टिकलेले मी पाहिले नाहीत.

पायरी दुसरी: सामान

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो, सोळा असेल तर बरं. प्रोग्रामिंगची भाषा एकच निवडा. जनुकांच्या डेटासाठी आर ही भाषा आणि त्यातला बायोकंडक्टर हा साधनसंच सोयीचा पडतो, नुसत्या कोष्टकांसाठी आणि मॉडेलसाठी, म्हणजे डेटावरून अंदाज बांधणाऱ्या सूत्रांसाठी, पायथन. दोन्ही एकदम शिकू नका. काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर गॅलॅक्सी नावाचं ब्राउझरमध्ये चालणारं व्यासपीठ आहे. हिशेब त्यांच्या सर्व्हरवर होतो आणि तुम्ही केलेली प्रत्येक कृती इतिहासात जमा राहते. पायथनवाल्यांना असंच ब्राउझरमध्ये चालणारं गुगल कोलॅब आहे.

एका माणसाच्या पूर्ण जीनोमची कच्ची फाईल पन्नास ते शंभर जीबीच्या घरात जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवायच्या भानगडीत पडू नका, शिकायला प्रक्रिया झालेला डेटा घ्यायचा असतो. आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट: मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीकडे गेला की लॅपटॉप तापून स्वतःच संथ होतो. लांबलचक हिशेब रात्री लावा, आणि प्रत्येक टप्प्याचा निकाल फाईलमध्ये साठवत जा. पहाटे तीनला वीज गेली तर सकाळी पहिल्यापासून दळण नको.

पायरी तिसरी: शून्य रक्तदाबाच्या बाया

मधुमेहावरचं सगळ्यात जास्त हाताळलं गेलेलं कोष्टक अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पिमा आदिवासी स्त्रियांचं आहे. ७६८ ओळी, आठ मोजमापं आणि शेवटच्या रकान्यात मधुमेह आहे की नाही. २६८ जणींना आहे. कुठल्याही कोर्समध्ये हे भेटतंच. बहुतेक जण ते उघडतात आणि थेट मॉडेल चालवतात.

तुम्ही तसं करू नका. आधी प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लहान आकडा काढा. रक्तदाबाच्या रकान्यात ३५ ठिकाणी शून्य दिसेल. बीएमआयमध्ये (उंचीच्या मानाने वजन) ११ ठिकाणी, ग्लुकोजमध्ये ५, त्वचेच्या घडीच्या जाडीत २२७ आणि इन्शुलिनमध्ये ३७४, म्हणजे जवळजवळ निम्म्या ओळी. रक्तदाब शून्य असलेली बाई तपासणीला चालत येत नाही, तिला आणावं लागतं, तेही तिरडीवरून. हे शून्य म्हणजे 'मोजलं नाही'. भरणाऱ्याने मोकळ्या जागी शून्य टाकलं आणि कॉम्प्युटरने ते खरं मानलं.

याने किती फरक पडतो ते स्वतः करून बघा. शून्यांसकट इन्शुलिनची सरासरी येते ७९.८. शून्यं काढली की १५५.५. आकडा दुपटीला पोचला आणि आपण अजून मॉडेलला हातही लावलेला नाही. शून्यांच्या जागी 'माहिती नाही' असं लिहा, मग विचार करा की निम्म्या बायकांचं इन्शुलिन का मोजलं गेलं नसेल. सगळ्यात आजारी होत्या त्यांचंच मोजलं, की ज्या लवकर पोचल्या त्यांचं? या प्रश्नाचं उत्तर कोष्टकात नसतं.

पायरी चौथी: एक्सेलची मैत्री सांभाळून

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून विद्यापीठापर्यंत सगळं एक्सेलवर चालतं, आणि ते चालू राहणार. पण एक्सेलला वाटतं जगातली प्रत्येक गोष्ट तारीख आहे. मार्च१ नावाचं जनुक होतं, सेप्ट२ नावाचं होतं. फाईल उघडली की त्यांचं एक मार्च आणि दोन सप्टेंबर व्हायचं. २०१६च्या एका तपासणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत ही चूक आढळली. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली; मार्च१चं मार्चएफ१ झालं, सेप्ट२चं सेप्टिन२. एवढं मोठं विज्ञान एक्सेलपुढे झुकलं, तिथे आपली काय कथा. जुन्या डेटात मात्र जुनीच नावं आहेत, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा.

रुग्णांच्या याद्यांत हाच प्रकार वेगळ्या रूपाने येतो. नोंदणी क्रमांक ००४५१ असेल तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन ४५१ करतं आणि मग तो दुसऱ्या यादीतल्या ००४५१शी जुळत नाही. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे मशीनच्या सेटिंगवर ठरतं. उपाय सोपा आहे: फाईल डबल क्लिक करून उघडायची नाही, आयात करायची, आणि क्रमांक, नावं, तारखा सगळं आधी 'टेक्स्ट' म्हणून घ्यायचं.

पायरी पाचवी: पेशीच्या आत

आता जनुकांचं वागणं. अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या जिओ या जनुकांच्या डेटाच्या भांडारात जीएसई २५७२४ असा क्रमांक टाका (अक्षरं रोमनमध्ये). तेरा माणसांच्या स्वादुपिंडातल्या लँगरहान्स बेटांचा डेटा आहे: सात जण मधुमेह नसलेले, सहा टाइप टूचे. या बेटांतच इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी असतात. प्रत्येकाच्या २२,२८३ जागी जनुकांची हालचाल मोजलेली आहे. डेटा छोटा आहे, लॅपटॉपवर मिनिटभरात चालतो, म्हणून मी याच्यापासून सुरुवात करायला सांगतो.

आरमध्ये लिम्मा हे पॅकेज घ्या आणि दोन गटांची तुलना करा. इथे पहिला मोह होतो: पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५च्या खाली गेलेली सगळी जनुकं उचलायची. हिशेब करा. २२,२८३ वेळा तुलना केली तर काहीच खरं नसतानाही पाच टक्के, म्हणजे अकराशेहून जास्त निकाल निव्वळ योगायोगाने 'महत्त्वाचे' निघतील. म्हणून एवढ्या तुलनांचा हिशेब धरून दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यू वापरायची. लिम्मा ती शेजारच्याच रकान्यात देतं.

दुसरा मोह जास्त चिवट आहे. मधुमेहींच्या बेटांत इन्शुलिनच्या जनुकाची हालचाल कमी दिसली, तर दोन अर्थ निघतात. बीटा पेशी तेवढ्याच आहेत पण दमल्यात, किंवा पेशीच कमी उरल्यात. कापसाच्या गाठी कमी आल्या म्हणजे झाडं कमी होती की बोंडं कमी लागली, हे गाठी मोजून कळत नाही. शेतात जाऊन झाडं मोजावी लागतात. इथे ती झाडं मोजायला एकेका पेशीचा वेगळा डेटा लागतो. तो पुढच्या वर्षी. आत्ता वहीत 'दोन अर्थ शक्य' एवढं लिहिलं तरी तुम्ही बऱ्याच छापील निबंधांच्या पुढे आहात.

पायरी सहावी: जोडणी

हीच पायरी खरी, आणि वेळही हीच खाते. डीएनएमधल्या बदलांसाठी जीवॅस कॅटलॉग, म्हणजे असंख्य लोकांचे जीनोम चाळून आजाराशी जोडलेले बदल शोधणाऱ्या अभ्यासांची यादी, उघडा आणि टाइप टू मधुमेह शोधा. वरच्या नावांत टीसीएफ७एल२ हे जनुक दिसेल. २००६ मध्ये आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी ते पुढे आणलं. त्यातला आरएस ७९०३१४६ या क्रमांकाचा बदल मधुमेहाच्या सर्वांत ओळखीच्या खुणांपैकी एक आहे. धोकादायक अक्षराची एक प्रत असली की मधुमेहाची शक्यता साधारण १.४ पट.

आता ही यादी तुमच्या बेटांच्या निकालाला जोडायची. जनुकाच्या नावावर? क्रमांकावर? जागेवर? प्रत्येकात खड्डा आहे.

जागेचा खड्डा सगळ्यात फसवा. जीनोमच्या नकाशाच्या आवृत्त्या बदलत गेल्या. २००९चा जीआरसीएच३७ आणि २०१३चा जीआरसीएच३८, दोन्ही अजून वापरात आहेत. आरएस ७९०३१४६ दहाव्या गुणसूत्रावर जुन्या नकाशात ११,४७,५८,३४९ या घरात आहे आणि नव्यात ११,२९,९८,५९० या घरात. घर तेच, माणूस तोच, पत्ता साडेसतरा लाख अक्षरांनी सरकला. एक फाईल जुन्या नकाशाची आणि दुसरी नव्याची असेल तर कॉम्प्युटर मुकाट्याने भलत्याच घरात नेऊन सोडतो, चूक म्हणून सांगतही नाही. म्हणून फाईल हातात आली की पहिला प्रश्न: नकाशा कोणता? उत्तर लिहिलेलं नसेल तर हाच एक बदल शोधून पत्ता बघा. मी आजही हेच करतो.

नावाचा खड्डा माझ्या स्वतःच्या अनुभवातला. पहिल्यांदा मी मोजमापाच्या जागा आणि जनुकांची नावं जोडली तेव्हा बावीस हजार ओळींच्या पंचवीस हजार झाल्या. मला वाटलं, वा, डेटा वाढला. दोन दिवस खुशीत होतो. प्रत्यक्षात काही जागा दोन-दोन जनुकांना लागू होत होत्या आणि त्या ओळींच्या नकला झाल्या होत्या. तेव्हापासून नियम केला: जोडणीच्या आधी ओळी मोजायच्या, नंतर मोजायच्या, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. वाढल्या का, घटल्या का, आणि का, याचं उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही.

तिसरा खड्डा समजुतीचा. बदल ज्या जनुकात बसलाय तेच जनुक दोषी, असं नसतं. लठ्ठपणाशी जोडलेला एफटीओ जनुकातला बदल २००७ मध्ये सापडला आणि सगळे एफटीओच्या मागे लागले. पुढे २०१४-१५ मध्ये कळलं की तो बदल सुमारे पाच लाख अक्षरं दूर असलेल्या आयआरएक्स३ या जनुकाची कळ फिरवतो. मीटर एकाच्या घरात, दिवा दुसऱ्याच्या. कोणत्या अवयवात कोणता बदल कोणत्या जनुकाची कळ फिरवतो हे बघायला जीटेक्स नावाचं भांडार आहे. आपल्या प्रश्नासाठी तिथला स्वादुपिंडाचा भाग उघडा. पण लक्षात ठेवा, तिथे अख्खं स्वादुपिंड आहे आणि बेटं त्यातला अगदी छोटा हिस्सा.

पायरी सातवी: हा जीनोम कुणाचा?

२०१९च्या एका आढाव्यानुसार तोपर्यंतच्या जीवॅस अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. शिकताना सगळे जो संदर्भ घेतात त्या हजार जीनोम प्रकल्पात २,५०४ माणसं आणि २६ समाजगट आहेत. दक्षिण आशियाचे पाच: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशी बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ. पावरा नाही, भिल्ल नाही, लेवा पाटील नाही. परदेशी लोकांवर बेतलेला जनुकीय धोक्याचा आकडा आपल्या माणसाला लावला तर तो किती फसेल याचा अंदाज यावरून यावा. सुदैवाने जीनोम इंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले गेले आणि तो डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे. जानेवारी २०२५ पासून संशोधकांना अर्ज करून तो मागता येतो. विद्यार्थ्याने एकट्याने मागण्यापेक्षा मार्गदर्शकाच्या नावाने अर्ज करावा.

याच पायरीवरचा एक सापळा खानदेशात हमखास बसतो. समजा मधुमेहाचे रुग्ण तुम्ही जळगाव शहरातून घेतले आणि निरोगी माणसं धडगावातून. जनुकांत शेकडो फरक सापडतील, आणि ते जवळजवळ सगळे दोन समाजांतले फरक असतील, मधुमेहाचे नव्हेत. आपल्याकडे शतकानुशतकं लग्नं जातीत-जमातीत झाली, त्यामुळे हा परिणाम युरोपपेक्षा ठळक दिसतो. प्लिंक या फुकट साधनाने मुख्य घटक (जनुकांतला बराचसा फरक दोन-तीन आकड्यांत गोळा करणारा हिशेब) काढा आणि ठिपक्यांचं चित्र बघा, एक ठिपका म्हणजे एक माणूस. ठिपके आजाराप्रमाणे रंगवून दोन वेगळे पुंजके दिसले तर आनंदाने उड्या मारू नका. तेच ठिपके गावाप्रमाणे रंगवून परत बघा.

पायरी आठवी: मॉडेल

यावर इंटरनेटवर इतकं आहे की मी आटोपतं घेतो. आधी लॉजिस्टिक रिग्रेशन हे 'हो की नाही' वर्तवणारं साधं मॉडेल करा. रँडम फॉरेस्ट किंवा न्यूरल नेटवर्कसारखं गुंतागुंतीचं मॉडेल त्याच्यापेक्षा किती चांगलं, हे दाखवता आलं तरच वापरा. एकाच रुग्णाच्या दोन भेटी असतील तर एक शिकवण्याच्या गटात आणि दुसरी परीक्षेच्या गटात जाऊ देऊ नका. पेपर आधीच फुटल्यासारखं होतं. आणि 'माहिती नाही'च्या जागा भरणं, त्यासाठी सरासरी काढणं वगैरे करायचं असेल, ते फक्त शिकवण्याच्या गटावरून ठरवा.

पायरी नववी: आपल्या मातीतला डेटा

फुकटच्या डेटावर हात बसला की इथल्या माणसांवर काम करावंसं वाटतं. वाटायलाच हवं. पण इथे आधी परवानगी, मग डेटा. संस्थेची नैतिकता समिती लागते आणि आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचावी लागतात. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहे. विद्यार्थी असाल तर जळगावच्या विद्यापीठातले जीवशास्त्राचे आणि संगणकशास्त्राचे विभाग, धुळे, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, ही दारं ठोठावा. एक डॉक्टर, एक संख्याशास्त्रवाला आणि तुम्ही, अशी तिघांची टोळी जमली की काम चालतं. संमतीपत्र मराठीत छापून भागत नाही. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आजीला ते तिच्या भाषेत सांगणारी आशाताई सोबत हवी. अहिराणी बोलणाऱ्या एका आजोबांनी छापील फॉर्म हातात घेऊन मला विचारलं होतं, "हाई काय शे?" मी पाच मिनिटं बोललो. त्यांनी परत तेच विचारलं.

नाव काढलं म्हणजे ओळख पुसली, असंही नाही. चाळीस घरांच्या पाड्यात एसएसचा एकच सोळा वर्षांचा मुलगा असेल तर पाड्याचं नाव आणि वय एवढ्यावर सगळ्या तालुक्याला तो कळतो. लग्नं ठरण्या-मोडण्यापर्यंत गोष्ट जाते. निकाल तालुका पातळीच्या खाली छापू नका.

आता रकाने. तालुक्याच्या रकान्यात काही ठिकाणी 'अक्राणी' आणि काही ठिकाणी 'धडगाव' असेल. तालुका एकच: अक्राणी हे तालुक्याचं नाव, धडगाव हे मुख्यालय. कॉम्प्युटरला हे कुणी सांगितलेलं नसतं, तो दोन तालुके करून मोकळा. आमच्या एका मुलीच्या नकाशात जिल्ह्याला एक तालुका जास्त झाला होता आणि आम्ही तिघांनी तो पाहूनही सोडून दिला होता. माणसांच्या नावावर तर जोडणी करूच नका. पाटील, चौधरी, पाडवी, वळवी; एका गावात एकाच नावाचे चौघे निघतात, आणि आडनाव आधी की शेवटी यावरही एकमत नसतं. वयाचा आलेख काढला तर पन्नास, पंचावन्न, साठला खांब उभे राहतात, कारण वय अंदाजाने सांगितलेलं असतं. उपाशीपोटीच्या साखरेत कुठे १०० आणि कुठे ५.५ दिसलं तर घाबरू नका, एककं वेगळी आहेत. दुसऱ्याला अठराने गुणा.

बीएमआयवर फार विसंबू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापं छापली होती. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कंबरेचं माप मिळालं तर घ्या.

आणि 'तीन महिन्यांची शुगर', म्हणजे एचबीए१सी. नवख्याला हा रकाना सोन्यासारखा वाटतो, एकाच आकड्यात तीन महिने. पण हा आकडा तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात या गृहीतावर उभा आहे. एसएस माणसाच्या पेशी दहा-वीस दिवसांत मरतात. त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. एएस वाहकांतही प्रश्न उरतो. २०१७च्या एका अमेरिकन अभ्यासात कृष्णवर्णीय प्रौढांत रक्तातली साखर सारखी असूनही वाहकांचा आकडा ५.७२ आणि इतरांचा ६.०१ आला होता. शिवाय काही तपासणी पद्धतींत एचबीएस, म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन, स्वतःच लुडबुड करतं. उलट लोहाच्या कमतरतेने आकडा वर सरकतो, आणि ती कमतरता आपल्या बायकांत किती, हे वेगळं सांगायला नको. सातपुड्यातल्या यादीत फक्त एचबीए१सी बघून 'इथे मधुमेह कमी' असं लिहिलंत, तर तो कदाचित मधुमेह नसेल, सिकलसेल असेल. म्हणून इथे सिकलचा पॅटर्न, हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटीची साखर हे तीन रकाने शेजारी असल्याशिवाय तीन महिन्यांच्या शुगरला हात लावायचा नाही. जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, तपासण्या होत आहेत, त्यामुळे पॅटर्न माहीत असलेली माणसं वाढत चालली आहेत. विचारून तर बघा.

तपासणीचा महिना हा रकानाही कधी टाकून देऊ नका. एका ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदी बघताना मार्चमध्ये हिमोग्लोबिनची सरासरी एकदम खाली आलेली दिसली. मुलांनी उन्हाळा, पाणी, भाजीपाला असे तर्क लढवले, कुणी मॉडेलमध्ये तापमान घातलं. चार दिवसांनी आम्ही तिथल्या लॅब टेक्निशियन ताईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, "होळी होती ना. गुजरातला गेलेले सगळे मजूर परत आले होते, तेवढ्यात आम्ही शिबिर लावलं. बाकी वर्षभर ती माणसं आमच्या रजिस्टरमध्ये नसतातच." मग म्हणाल्या, "आणि हो, त्याच महिन्यात मशीनही बदललं. तुमच्या फाईलमध्ये लिहिलेलं नाही का?"

लिहिलेलं नव्हतं. आता आमच्या प्रत्येक फाईलमध्ये 'मशीन' आणि 'शिबिर की ओपीडी' असे दोन रकाने असतात, आणि त्या ताईंचा नंबर भिंतीवर चिकटवलेला आहे.